घामाची वही : केमोच्या काळातल्या घामाचं आणि वासाचं एक प्रकरण

रुग्ण : ४८ वर्षांच्या गृहिणी, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. डाव्या स्तनाचा कर्करोग, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला). डिसेंबरमध्ये स्तन राखून गाठ काढली आणि डाव्या काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या. जानेवारीपासून दर २१ दिवसांनी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधांचे चार डोस झाले. वॉर्डात याला सगळे ‘लाल औषध’च म्हणतात. एप्रिलपासून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचंच दुसरं औषध, एकूण बारा डोस. औषध देण्यासाठी उजव्या दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेत घालून ठेवलेली बारीक लांब नळी. आठ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. वजन ७१ किलो, उंची १५४ सेंमी. दुसऱ्या लाल डोसनंतर पाळी थांबलेली.

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. उपचार घेणाऱ्या अनेक बायकांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका रुग्णेच्या रूपाने मांडल्या आहेत, म्हणजे घामामागची कारणं एकमेकांत कशी गुंततात ते एकसलग कळेल.

तक्रार एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तीही सुनेकडून. सासूबाई रात्रीतून तीन-तीन गाऊन बदलतात, दिवसातून चार वेळा आंघोळ करतात आणि नातू जवळ आला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. बाईंना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माह्या आंगाचा वास येते मॅडम. पोराले जवळ घ्याले लाज वाटते.”

घामाची तक्रार ओपीडीत सहसा शेवटच्या मिनिटाला निघते आणि “केमोत होतं असं, कपडे सैल घाला” इतक्यावर संपते. हे उत्तर अपुरं आहे आणि कधी कधी धोक्याचंही. या बाईंच्या बाबतीत ते किती धोक्याचं ठरू शकतं, हे दीड महिन्यापूर्वीच दिसलं होतं.

मार्चमधली ती रात्र

तिसऱ्या लाल डोसनंतरचा दहावा दिवस. रात्री नऊला थंडी वाजून आली, ताप १०१.२ फॅरनहाइट. घरच्यांनी पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिली. अकराच्या सुमारास बाई घामाने निथळल्या, अंग गार लागलं. “घाम फुटला, आता ताप उतरला” असं म्हणून सगळे निर्धास्त झोपले. सकाळी बाईंना उठून बसवेना. तपासणीत रक्तदाब खाली आलेला, पांढऱ्या पेशी ९०० आणि त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल फक्त २५०. शिरेतून प्रतिजैविकं देत पाच दिवस भरती राहावं लागलं.

घाम फुटला की ताप उतरतो, हा अनुभव खोटा नाही. पण साध्या सर्दीतापात ज्या घामाने जीव भांड्यात पडतो, तोच घाम केमोनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत फसवतो. या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. गोळीने ताप उतरतो, पण जंतू रक्तात वाढतच राहतात. म्हणून नियम एकच : तोंडातला ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त भरला, तर गोळी देऊन वाट पाहायची नाही. आधी रुग्णालयाला फोन, मग प्रवास. पेशी कमी असलेल्या रुग्णाला ताप आला, तर रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हायला हवं, इतकी ही घाई खरी आहे.

ताप मोजण्यातही एक चूक नेहमी होते. घामाने ओली झालेली काख थर्मामीटरला खरा आकडा दाखवू देत नाही, आकडा कमी येतो. थर्मामीटर जिभेखाली धरावा, चहा-पाणी पिऊन पंधरा मिनिटं झाल्यावर. तोंड आलं असेल आणि काखेतच लावायचा असेल, तर काख आधी कोरडी पुसावी आणि हात अंगाशी घट्ट धरावा. या बाईंची डावी काख शस्त्रक्रियेची, तिथे हात नीट मिटत नव्हता. म्हणून काखेतलं मोजमाप उजवीकडेच.

त्या भरतीनंतर घरात उलटं झालं. बाईंना घाम आला की मुलगा गाडी काढायचा. महिन्याभरात दोनदा मध्यरात्री साठ किलोमीटर जाऊन आले. दोन्ही वेळा ताप नाही, पेशी व्यवस्थित. दोन्ही वेळा घाम वेगळाच होता. तो कुठला, हे ओळखायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं.

वही

म्हणून सुनेला एक चाळीस पानी वही करायला सांगितली. रकाने असे : तारीख आणि वेळ; डोसनंतरचा कितवा दिवस; आधी काय आलं, थंडी की गरमी; जिभेखालचा ताप; ग्लुकोमीटरवरची साखर; घाम किती मिनिटं टिकला; कपडे बदलावे लागले का; तासाभरात काय खाल्लं-प्यायलं. एकच अट : घाम आल्यावर लगेच लिहायचं, सकाळी आठवून नाही. सून दहावी शिकलेली. दहा दिवसांत तिने शंभरावर नोंदी केल्या, आणि त्या वाचताना एका घामाचे चार घाम झाले.

सगळ्यात महत्त्वाची नोंद पाचव्या पानावर होती. डोसनंतरचा चौथा दिवस, पहाटे ३.२०. थंडी नाही, गरमी नाही. हातापायांना कापरं, कपाळावर आणि मानेवर गार, चिकट घाम, छाती धडधडते. ताप ९७.४. साखर ५८. जेवण : रात्री आठला अर्धी भाकर आणि वरण, तेही सगळं गेलं नाही.

ही कमी पडलेली साखर. कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅक्लिटॅक्सेलची अॅलर्जी येऊ नये म्हणून त्याआधी डेक्सामेथासोन देतात. हे स्टेरॉइड दीड-दोन दिवस साखर वर चढवतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा असर ओसरतो, आणि नेमकं तेव्हाच तोंडाची चव जाऊन जेवण निम्म्यावर येतं. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोज तेवढीच. ती जेवण पाहून काम करत नाही, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतच राहते. दहा दिवसांत अशा तीन पहाटा सापडल्या. बाईंना आणि घरच्यांना तो ‘केमोचा घाम’ वाटत होता. झोपेत साखर आणखी खाली गेली असती, तर शुद्ध हरपायला वेळ लागला नसता.

त्या क्षणी करायचं ते असं. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात ढवळून पाजायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची. ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. आकडा वर आला की दोन बिस्किटं किंवा दूध-पोळी, कारण ग्लिमेपिराइडचा असर लांब चालतो आणि साखर परत खाली येऊ शकते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना. मधुमेहाच्या डॉक्टरांनी वहीची ही पानं पाहून ग्लिमेपिराइड बंद केली आणि साखर अशी अचानक खाली न आणणारी दुसरी गोळी दिली. स्टेरॉइडच्या दोन दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक लिहून दिलं. पहाटेचा गार घाम त्या आठवड्यापासून थांबला.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी सर्वांत जास्त होत्या, दिवसाला आठ ते दहा. नमुन्याची एक : रात्री ११.१०, आधी छातीतून गरम वाफ वर गेल्यासारखं, मान-चेहरा लाल, तीन मिनिटं दरदरून घाम, मग अंग गार पडून हुडहुडी. ताप ९७.८, साखर १३२. हा अकाली आलेल्या रजोनिवृत्तीचा घाम. केमोने अंडाशयांचं काम थांबलं की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन झपाट्याने खाली येतं आणि मेंदूतला तापमानाचा लगाम फार हळवा होतो. शरीर अर्ध्या अंशाने जरी तापलं, तरी मेंदू घामाचा नळ पूर्ण उघडतो. नैसर्गिक पाळी जाताना हे काही वर्षांत हळूहळू होतं. इथे सहा आठवड्यांत झालं, म्हणून त्रास इतका जोराचा.

घरच्यांच्या लक्षात राहावं म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर एक ओळ लिहिली : आधी गरमी मग थंडी, तर बहुधा पाळीचा, आधी थंडी मग गरमी, तर तापाचा, गरमीही नाही, तापही नाही, नुसतं कापरं, तर साखरेचा. ही ओळ थर्मामीटरची आणि ग्लुकोमीटरची जागा घेत नाही. आधी काय मोजायचं, एवढंच ती सांगते.

तिसरा घाम डोसच्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा. चेहरा लाल, झोप नाही, बोलणं जास्त, साखर २८६. तो डेक्सामेथासोनचा. दोन दिवसांत आपोआप जातो, त्या घामावर वेगळं काही करावं लागत नाही. चौथा, दुपारी दोन ते पाचमधला, टिनाच्या छताखाली बसल्याचा. एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा ४४ अंशांपर्यंत जातो. तिथे हा घाम शरीराची गरज आहे.

बाकीची कारणंही एकेक करून तपासली. थायरॉइड ठीक. छातीचा एक्स-रे स्वच्छ. आपल्याकडे रात्रीच्या घामात क्षयरोगाची शंका घ्यायलाच हवी, अंगात दबून राहिलेला क्षय केमोमुळे वर येऊ शकतो. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखी वेदनाशामकं चालू असती तर त्यांचाही घाम येतो. इथे ती नव्हती.

पाळीच्या घामाला औषध कोणतं

इथे निवड सोपी नव्हती. पुढे ऑगस्टपासून टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनातल्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ न देणारी गोळी, सुरू होणार हे ठरलेलं होतं. टॅमॉक्सिफेन यकृतातल्या सीवायपी-टू-डी-सिक्स या एन्झाइमने बदलून मग खरं काम करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची औषधं घामाच्या लाटा कमी करतात, पण तेच एन्झाइम जोरात अडवतात. म्हणून ती बाद. वेन्लाफॅक्सिन या बाबतीत सुरक्षित आणि उपयोगी आहे, मात्र काही जणांना त्यानेच जास्त घाम येतो. इस्ट्रोजेनची गोळी या कर्करोगात द्यायचीच नाही. ‘बायकांसाठी’ म्हणून मिळणारी सोयाची आणि वनौषधींची कॅप्सूलं त्याच कारणासाठी घरातून काढून टाकायला सांगितली. घरात शतावरीचा कल्प होता, तोही बंद.

ऑक्सिब्युटिनिन हे लघवीच्या तक्रारीचं औषध कमी मात्रेत लाटांवर चांगलं चालतं. ते सगळ्या अंगाचा घामच आटवतं. आमच्या मते विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये ते सुरू करणं चूक ठरलं असतं. ४४ अंशांत, टिनाच्या घरात, वीज जात असताना ज्या रुग्णेला घाम येत नाही, तिला उष्माघात गाठतो. शिवाय तोंड कोरडं पडतं, आणि केमोत तोंड आधीच आलेलं असतं. पावसाळ्यानंतर लागलं तर पाहू, म्हणून ते बाजूला ठेवलं.

शेवटी कर्करोगतज्ज्ञांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहून गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध, ते लाटाही कमी करतं) ३०० मिलिग्रॅम, फक्त रात्री, असं सुरू केलं. बाईंच्या लाटा रात्री जास्त होत्या, आणि पॅक्लिटॅक्सेलने पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या, तिथेही त्याचा थोडा आधार होईल असा विचार. पहिले तीन दिवस गुंगी येते, म्हणून रात्री लघवीला उठताना सुनेने सोबत जायचं आणि दिवा लावूनच. दोन आठवड्यांनी दिवसाच्याही दोन मात्रा हळूहळू जोडल्या. गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत, हे घरच्यांना दोनदा सांगितलं.

चहाची वेळही वहीतूनच सापडली. कडक गरम चहानंतर वीस मिनिटांत लाट, हे दहापैकी सात वेळा. चहा सोडला नाही. कोमट केला आणि संध्याकाळचा बंद केला. रात्रीचा ठेचा दुपारच्या जेवणात गेला.

अंथरूण असं लावलं : गादीवरचं रेक्झिन काढलं, त्याच्यामुळे पाठ भिजून राहत होती. त्याऐवजी सुती चादर, आणि तिच्यावर जुन्या सुती लुगड्याची चार पदरी आडवी घडी, खांद्यापासून कंबरेपर्यंत. रात्री भिजली की ती ओढून काढायची आणि दुसरी टाकायची. सगळं अंथरूण बदलायला नको, कुणाला उठवायलाही नको. उशाशी दोन सुती गाऊन, एक पंचा, पाण्याची बाटली, थर्मामीटर, ग्लुकोमीटर, साखरेची डबी आणि वही. कूलरमधलं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासायची, आणि गेल्या वर्षीचे कुजके गवताचे पॅड बदलायचे. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाच्या तोंडावर बुरशीची हवा मारणं परवडणारं नाही.

पाण्याचा हिशेब लघवीवरून ठेवला. फिकट पिवळी असेल तर ठीक, गर्द असेल तर कमी पडतंय. जास्त घामाच्या दिवशी ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये नाही. घट्ट द्रावणाने तहान आणि जुलाब दोन्ही वाढतात. त्यात साखर असते, म्हणून दिवसभरात थोडं थोडं, आणि ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवून.

वास कुठून येत होता

औषधाने घाम कमी व्हायला तीन-चार आठवडे लागणार होते. वासाचं काम त्याआधीच सुरू केलं, कारण बाईंना खरा त्रास त्याचाच होता.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत ज्या वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांचा दाट स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात आणि त्यातून वास तयार होतो. म्हणजे वासाला घामाइतकेच महत्त्वाचे असतात ओलावा, वेळ आणि जीवाणू. बाईंनी वासावर जे उपाय केले होते ते सगळे त्वचेवरचे हल्ले होते : कपडे धुण्याच्या साबणाने अंग, खरबरीत घासणी, बादलीत दोन झाकणं जंतुनाशक, काखेत लिंबाची फोड, वरून टाल्कम पावडरचा थर, आणि त्यावर सेंट. चारदा आंघोळ करूनही दुपारपर्यंत वास परत, म्हणून पाचव्यांदा घासणं. घासणाऱ्या बाईची त्वचाच उघडी पडली होती.

तपासताना तीन जागा सापडल्या.

पहिली, स्तनांखालच्या घड्या. दोन्हीकडे लाल, ओलसर, चिरा पडलेला पट्टा, आणि कडेबाहेर सुट्या बारीक पुटकुळ्या. हा कॅन्डिडा बुरशीचा नमुना. घडीत पावडर घामाने भिजून तिच्या गोळ्या झाल्या होत्या, वाळूसारख्या घासत होत्या. आंबूस वास मुख्यतः इथला. गावातल्या दुकानातून आणलेलं ‘खाजेचं मलम’ त्या पंधरा दिवस लावत होत्या. त्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड होतं : खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरत जाते, कातडी पातळ होते. मधुमेह आणि केमो दोन्ही असताना असं मिश्रण लावूच नये. ते बंद करून साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का क्रीम, पातळ थर, दिवसातून दोनदा, लाली गेल्यानंतरही एक आठवडा, एकूण तीन आठवडे.

दुसरी जागा डावी काख, आणि इथलं कारण त्वचेचं नव्हतंच. शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडला होता. हात बाजूने जेमतेम साठ-सत्तर अंश उचलायचा. काख उघडतच नाही, तर साबण, पाणी, पंचा, वारा यांतलं काही आत पोचणार कसं? शिवाय ग्रंथी काढताना काखेतली आणि दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना गेलेली असते; ओलं आहे की चिरलं आहे, हे बाईंना कळतही नव्हतं. इथे औषध म्हणजे फिजिओथेरपी. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढत जायची, जिथे ताण लागेल तिथे दहापर्यंत मोजून थांबायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोचलेल्या उंचीवर रोज खडूची खूण. तोवर काख साफ करायला पंच्याची लांब पट्टी भिजवून, पिळून, हात टेबलावर टेकवून सुनेने पुसायची. त्या बाजूला वस्तरा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही.

तिसरी, कपडे. पॉलिस्टरचे ब्लाउज. धुऊन कपाटात ठेवले की वास नाही, अंगाच्या उबेने अर्ध्या तासात परत. पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण घामातली चरबी धरून ठेवतं आणि त्यातच जीवाणू राहतात. असे पाच ब्लाउज बाजूला काढले, सुती चार शिवले, काखेत एक बोट जास्त सैल. सुती कपडे धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास, मग साबण, मग उलटे करून उन्हात. डोसनंतरच्या पहिल्या ४८ तासांत घामाने भिजलेले कपडे वेगळे, हातमोजे घालून, दोनदा धुवायचे, कारण औषधांचे अंश शरीरातल्या स्रावांतून बाहेर पडतात. याचा अर्थ बाईंना शिवू नये असा नाही. नातवाला मांडीवर घ्यायला या काळातही काही हरकत नाही, कपडे कोरडे हवेत इतकंच. हे वाक्य सुनेसमोर, मुलासमोर आणि बाईंसमोर मुद्दाम स्पष्ट म्हटलं.

आंघोळ चारावरून दोनवर आणली. पाच मिनिटं, कोमट पाणी, घासणी नाही, नुसता हात. साबण म्हणून ५.५ पीएचची वडी, तीही फक्त काखा, जांघा, स्तनांखाली आणि पायांना. त्वचेचं आम्ल टिकलं की वासाचे जीवाणू आटोक्यात राहतात. कपड्याचा साबण आणि खायचा सोडा ते आम्ल घालवतात, लिंबू कातडी जाळतं. मग पंचा दाबून टिपायचा, रगडायचा नाही. स्तन उचलून पंख्यासमोर तीन मिनिटं. नंतर मलम, आणि ते मुरलं की घडीत मलमलीची दोन पदरी पट्टी, जिचं टोक घडीच्या बाहेर राहील. टोक बाहेर असलं तरच ओल वर खेचली जाते आणि वाऱ्याने सुकते. आत दाबून बसवलेली पट्टी पोटीस होते. दिवसातून चार वेळा बदलायची.

त्वचा बरी झाल्यावर, तिसऱ्या आठवड्यात, फक्त उजव्या काखेसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं वॉश : आंघोळीत लावून दोन मिनिटं ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, आठवड्यातून तीनदा. रंगीत कपड्यांवर त्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून पंचा पांढराच. तुरटी फिरवायची का, असं बाईंनी विचारलं. अखंड त्वचेवर, उजव्या काखेत, ओली करून एकदा : चालेल. वीस टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडची गरज पडली नाही. पडली असती तर ते रात्री, पूर्ण कोरड्या काखेत लावून सकाळी धुवायचं असतं. ओल्या काखेत त्याचं आम्ल होऊन आग होते.

एक वास मात्र कशानेच जात नव्हता. बाईंना अंगाला ‘लोखंडासारखा’ वास यायचा, सुनेला आणि मुलाला जवळून हुंगूनही यायचा नाही. केमोने वासाची आणि चवीची जाणीव बदलते, आणि नसलेले वास खरे वाटतात. हे समजावल्यावर बाईंनी सुनेला सकाळ-संध्याकाळ विचारायचं ठरवलं : “येते का?” उत्तर वहीत, हो किंवा नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून सलग ‘नाही’.

पिक लाइन आणि पावसाळा

मेमध्ये एकदा उजव्या दंडावरचं पारदर्शक ड्रेसिंग कडेने सुटलं. वरून पंख्याची हवा, आतून घाम. चिकटपट्टी लावून आठवड्याच्या ड्रेसिंगचा दिवस येईपर्यंत ढकलायचं असं घरी ठरत होतं. तसं करायचं नाही : ओलं किंवा उचललेलं ड्रेसिंग त्याच दिवशी बदलावं लागतं, कारण ती नळी सरळ हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. सिस्टरांनी घामाच्या दिवसांसाठी पारदर्शकऐवजी गॉजचं ड्रेसिंग सुरू केलं. ते घाम शोषतं, पण दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. त्यासाठी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना पद्धत दाखवून दिली. जंतुनाशक पूर्ण सुकू द्यायचं, मगच पट्टी. घाईत ओल्यावर लावली की खाली कातडी सोलते.

जूनच्या मध्यात पाऊस लागला आणि मेमध्ये जे चाललं होतं ते बिघडलं. दमट हवेत कूलर आणखी ओल टाकतो. चार दिवसांत स्तनांखालची लाली परत. कूलरचा पंप बंद, नुसता पंखा. मलमलीच्या पट्ट्या चारऐवजी सहा वेळा, आणि उन्हाअभावी त्या इस्त्री करून सुकवायच्या. क्लोट्रिमॅझोल पुन्हा दोन आठवडे. हे आधीच सांगायला हवं होतं. वऱ्हाडात उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची योजना एक असू शकत नाही.

जुलैमध्ये नागपुरात रेडिएशन, तीन आठवड्यांत १५ सेशनमध्ये एकूण ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). तिथे घामाचा नवा प्रश्न : छातीवरच्या मार्किंगच्या रेघा पुसट होतात. त्या घरी पेनने गिरवायच्या नाहीत, तंत्रज्ञाला सांगायचं. रेडिएशनच्या जागेवर डिओ अजिबात चालत नाही, असं अजूनही बऱ्याच ठिकाणी सांगतात; अभ्यासांत मात्र अखंड त्वचेवर साध्या डिओने त्वचेची प्रतिक्रिया वाढलेली दिसली नाही. बाईंना सौम्य रोल-ऑन विभागाला विचारून दिलं, कातडी सोलली तर बंद या अटीवर. तुरटी, पेरॉक्साइड, सेंट डाव्या बाजूला नाही. सेशनच्या आधी क्रीमचा जाड थर नाही. त्वचेची लाली रेडिएशन संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी सर्वाधिक होते, म्हणून धर्मशाळेतून घरी गेल्यावरही मलमलीची पट्टी चालू. शेवटच्या आठवड्यात डावी काख कोरडी पडली. किरणांनी तिथल्या घामाच्या ग्रंथी मंदावतात, आणि ते पुष्कळदा तसंच राहतं.

लाटा मेअखेर दिवसाला चारवर आणि जुलैत दोन-तीनवर आल्या होत्या. ऑगस्टमध्ये टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सहा. पहिल्या काही महिन्यांत असं होतं, पुढे बहुतेकींना कमी होतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती पाच वर्षं तरी घ्यायची आहे; त्रास वाढला तर वही घेऊन यायचं. कुणी झोपेसाठी किंवा मन उदास म्हणून गोळी लिहून दिली, तर आधी टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगायचं. हे पुठ्ठ्यावर, त्या पहिल्या ओळीच्या खाली, सुनेने लाल शाईने लिहून घेतलं. पहिली वही संपली होती. दुसरीत साखरेचा रकाना तिने बारीक केला आहे, आणि शेवटी एक नवा काढला आहे : ‘नातू किती वेळ जवळ होता.’